संवादाची अपेक्षा : ‘डूम’, ‘सिव्हिलायझेशन’ आणि अभिग्रहणाचा प्रश्न

नव्या कलाप्रकाराच्या समीक्षेत जे विधान पुढे हास्यास्पद ठरते, तेच पुष्कळदा त्या प्रकाराच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवीत असते. व्हिडिओ गेमच्या संदर्भात असे एक विधान ‘एज’ या ब्रिटिश मासिकाने १९९४ मध्ये केलेल्या ‘डूम’च्या परीक्षणात आढळते. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेने डिसेंबर १९९३ मध्ये प्रसृत केलेल्या या खेळाची सामग्री मोजकी आहे : खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसणारे बोळ, हातातील बंदूक आणि चालून येणारे राक्षस. परीक्षणाने त्याला दहापैकी सात गुण दिले. मात्र या राक्षसांशी बोलता आले असते, त्यांच्याशी सख्य जोडता आले असते, तर खेळ अधिक रंगला असता, अशी हळहळही व्यक्त केली. ‘डूम’ पुढे मारधाडीच्या खेळांचा आदर्श ठरला आणि ही हळहळ थट्टेचा विषय झाली.

थट्टेमागील युक्तिवाद उघड आहे. हान्स रॉबर्ट याउसच्या परिभाषेत सांगायचे, तर परीक्षणकर्त्याचे अपेक्षांचे क्षितिजच वेगळे होते. आखाड्यात उतरलेल्या मल्लाकडून त्याने कीर्तनाची अपेक्षा केली. परंतु कृती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून निर्माण झाली, हा प्रश्नही याउसने महत्त्वाचा मानला आहे. ‘डूम’मध्ये ‘अन्य’ म्हणून जो समोर येतो, त्याच्या बाबतीत धावणे, चुकविणे आणि मारणे एवढीच क्रियापदे उपलब्ध आहेत. परीक्षणकर्त्याने गैरहजर क्रियापदाची नोंद केली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

हे क्रियापद डावपेचांच्या खेळांत उपलब्ध होते. सिड मायर व ब्रूस शेली यांच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये (१९९१) प्रतिस्पर्ध्यांशी तह करता येतो, ज्ञानाची देवघेव होते, प्रतिस्पर्ध्यांत भारताचे नेते म्हणून गांधीही आहेत. मात्र येथील संवाद हा आकडेमोडीवर चढविलेला मुखवटा असतो. टेड फ्रीडमनने १९९९ च्या निबंधात दाखविल्याप्रमाणे, असे खेळ खेळणारा संगणकाच्या रीतीने विचार करावयास शिकतो. गांधींशी बोलणे म्हणजे अखेर एका संख्येशी बोलणे होय.

पण खेळणाऱ्यांना संख्या पुरेशी वाटली नाही. आज्ञावलीतील चुकीमुळे गांधींच्या आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन एकदम कमाल होतो व ते अण्वस्त्रे वापरू लागतात, अशी आख्यायिका पसरली. अशी चूक नव्हतीच, असा खुलासा मायरने २०२० मधील आत्मकथनात केला. तथापि, आख्यायिका खोटी असली तरी अर्थशून्य नाही. तिच्यातील उपरोध केवळ खेळाच्या संहितेतून येत नाही. अहिंसेचा इतिहास ठाऊक असलेल्या खेळणाऱ्याने तो बाहेरून आणला आहे. शिवाय २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये गांधींच्या अण्वस्त्रप्रीतीचा आकडा विनोद म्हणून मुद्दाम वाढविलेला होता. ग्रंथकाराचा विनोद आणि वाचकांची आख्यायिका येथे एकमेकींना पोसतात.

‘डूम’विषयीच्या हळहळीचे उत्तरचरितही असेच बोलके आहे. टोबी फॉक्सच्या ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) राक्षसांशी बोलून त्यांना जीवदान देता येते, कोणालाही न मारता खेळ पुरा करता येतो. हा त्या परीक्षणाचा परिणाम होता, असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र जी अपेक्षा प्रकाराबाहेरची म्हणून हसण्यावारी नेली गेली, ती नियमांच्या रूपाने मूर्त होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

अर्थात ‘डूम’मध्ये संवाद घातला असता, तर त्याची लय बिघडली असती, हा आक्षेप योग्यच आहे. ‘अंडरटेल’मधील दयाही अखेर पडद्यावरील पर्यायांतून निवडावी लागते. तेव्हा प्रश्न कोणता खेळ अधिक मानवी हा नाही. खेळाची संहिता ज्या कृतींना परवानगी देते आणि ज्या नाकारते, त्यांच्यामधील सीमारेषेत त्याचा अर्थ साठलेला असतो. कथानक आणि चित्रण यांना गुण देणाऱ्या परीक्षणाला ही रेषा क्वचितच दिसते. १९९४ मधील त्या परीक्षणाला ती क्षणभर दिसली होती. हसणाऱ्यांना मात्र ती दिसली नाही.