विषाद आणि व्यायाम : एका निष्कर्षाची तपासणी

व्यायामाने विषाद ओसरतो हे मत जुनेच आहे. त्यास मिळालेले आकड्यांचे पाठबळ मात्र अलीकडचे. या संदर्भात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लूमेंथाल व त्यांचे सहकारी यांच्या १९९९ सालच्या प्रयोगाचा वारंवार आधार घेतला जातो. विषादाने ग्रस्त अशा, पन्नास वर्षे व त्यापुढील वयाच्या १५६ व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले. एकास व्यायाम, दुसऱ्यास सर्ट्रालीन हे औषध व तिसऱ्यास दोन्ही देण्यात आली. सोळा आठवड्यांअखेर विकारमुक्तांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा सुमारे ६०, ६९ व ६६ भरले. गटागटांत लक्षणीय भेद आढळला नाही.

‘व्यायाम औषधाइतकाच गुणकारी’ हे प्रसृत झालेले विधान यातूनच निघाले. परंतु ‘भेद आढळला नाही’ आणि ‘भेद नाही’ ही वाक्ये एकार्थी नव्हेत. पहिल्यातील नकार आढळण्यास लागतो, दुसऱ्यातील भेदाच्या अस्तित्वास. नकाराचे हे स्थानांतर व्याकरणात क्षुल्लक भासेल. उपचारात ते क्षुल्लक नाही. शिवाय केवळ कालांतराने वा आशेने किती जण बरे झाले असते, हे मोजण्यास येथे चौथा गटच नव्हता.

ही उणीव त्याच संशोधकांनी २००७ साली भरून काढली, हे त्यांच्या सचोटीस साजेसेच होय. या वेळी २०२ व्यक्ती होत्या. देखरेखीखालील व्यायामाने शेकडा ४५, घरच्या व्यायामाने ४०, औषधाने ४७, तर औषधी गुण नसलेल्या गोळीनेही ३१ जण विकारमुक्त झाले. तिन्ही उपचार एकत्र धरूनही त्यांचे वर्चस्व सांख्यिकीच्या रूढ मर्यादेच्या काठावरच राहिले.

पहिल्या प्रयोगातून बरे झालेल्यांपैकी पुन्हा विकारग्रस्त झालेल्यांचे प्रमाण सहा महिन्यांनी व्यायामगटात शेकडा ८, औषधगटात ३८ आढळले. हा आकडा खरोखर लक्षवेधी आहे. मात्र या काळात व्यायाम करणे न करणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. मन प्रसन्न असलेला मनुष्यच फिरावयास निघतो, ही शक्यता कशी नाकारावी?

‘विषाद’ शब्दातील ‘सद्’ धातूचा अर्थच बसणे, खचणे असा आहे. खचलेल्यास ‘ऊठ, चाल’ अशी आज्ञा करणारा, जी इच्छाशक्ती विकाराने हरण केली तीच गृहीत धरतो. प्रयोगात आलेले लोक स्वेच्छेने आले होते. जो दारापर्यंतही येऊ शकत नाही, त्याच्याविषयी हे आकडे काही सांगत नाहीत.