घरगुती खाद्यछायाचित्रण : हलव्याचे दागिने ते केळव्याचे ताट

प्रस्तावना

मराठी कुटुंबांच्या जुन्या छायाचित्रसंग्रहांत खाद्यपदार्थाचे स्वतंत्र छायाचित्र क्वचितच आढळते. जो पदार्थ आवर्जून टिपला गेला, तो ताटात नव्हे तर माणसाच्या अंगावर आहे. बोरन्हाणाच्या दिवशी हलव्याचा मुकुट घालून बसलेले मूल, किंवा लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हलव्याचा हार व बाजूबंद ल्यालेली सून, ही ती छायाचित्रे होत. साखरेच्या पदार्थाचे घरगुती छायाचित्रण मराठी समाजात अशा रीतीने बऱ्याच आधीपासून रुळलेले आहे. अलीकडच्या काळात मोबाईल कॅमेऱ्यामुळे गोळ्या, चॉकलेटे, नाश्त्याची बशी, डब्यातील भाजी यांचे घरच्या घरी छायाचित्रण करणे हा एक स्वतंत्र छंद झाला आहे. जुन्या प्रथेत माणूस केंद्रस्थानी होता आणि पदार्थ त्याचा अलंकार होता. नव्या छंदात पदार्थ उरला आणि माणूस चौकटीबाहेर गेला. या बदलाचे मूल्यमापन प्रस्तुत लेखात केले असून त्यासाठी केळवे (ता. पालघर) परिसरातील रोजच्या अन्नाचा आधार घेतला आहे.

हलवा : पदार्थ आणि प्रतिमा

हलव्याची कृती वेळखाऊ आहे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवरील परातीत घेऊन त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि दाणे बोटांनी सतत हलवत राहायचे, असे हे काम अनेक बैठकांत चालते. थंडी चांगली असेल तर काटा चांगला येतो, असा गृहिणींचा अनुभव आहे. हा काटाच हलव्याचा प्राण आहे आणि छायाचित्रकाराची परीक्षाही तोच घेतो. काळ्या वस्त्रावर पांढरा हलवा ही मांडणी कृष्णधवल फिल्मला जणू आयती मिळालेली होती. परंतु चौकटीत काळा रंग अधिक असला की प्रकाशमापक फसतो, एक्स्पोजर वाढते आणि हलव्याचे दाणे काटा हरवून पांढरे ठिपके बनतात. समोरून पडलेला फ्लॅश तर काटा पूर्णच पुसून टाकतो. खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश मिळाला तरच प्रत्येक दाण्याला आपली लहानशी सावली लाभते. जुन्या छायाचित्रांपैकी जी आजही पाहावीशी वाटतात, त्यांपैकी पुष्कळ अशा खिडकीजवळ काढलेली दिसतात. हे हेतुतः झाले असेलच असे नाही; घरात उजेड तेवढाच होता.

तथापि या संग्रहांकडे केवळ हळवेपणाने पाहणे योग्य ठरणार नाही. दागिने ल्यालेली सून व मूल चौकटीत आहे. शेगडीजवळ बसून बोटे भाजून घेणारी स्त्री नाही. ती विधवा असेल तर समारंभातही तिला स्थान नव्हते, कारण संक्रांतीचे हळदीकुंकू सुवासिनींचे मानले गेले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन इतर गावांना केले. हे पाऊल किती उशिरा पडले, हे पाहायचे झाल्यास संक्रांतीची जुनी छायाचित्रे हा एक पुरावा आहे. तात्पर्य, जुन्या छायाचित्रात माणूस होता हे खरे, पण कोणता माणूस असावा हे रूढीने ठरवलेले होते. नव्या छंदाने ती रूढी मोडली, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. मात्र ती मोडताना त्याने सर्वांनाच चौकटीबाहेर काढले.

पाश्चात्त्य परंपरा आणि जाहिरातीचा प्रभाव

अन्न हा छायाचित्रणाचा अगदी आरंभापासूनचा विषय आहे. नीएप्स याच्या नावावर असलेले मांडलेल्या टेबलाचे चित्र (मूळ नष्ट झाले असून ते केवळ प्रतिकृतीच्या रूपाने ज्ञात आहे) आणि टॅल्बटच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या ग्रंथातील फळांच्या टोपल्यांचे छायाचित्र ही त्याची ठळक उदाहरणे होत. पदार्थ हलत नाही, तक्रार करत नाही, आणि त्या काळच्या दीर्घ एक्स्पोजरला ते सोयीचे होते. पुढे एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये एक भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. त्या छायाचित्रात मिरची ही भाजी राहत नाही. ती मानवी देहासारखी भासू लागते. याच्या नेमके उलट उदाहरण स्टीफन शोर याचे आहे. १९७३ मध्ये अमेरिकाभर प्रवास करीत असता युटा राज्यातील एका उपाहारगृहात समोर आलेली न्याहारी त्याने खाण्यापूर्वी टिपली. त्यात पदार्थाला कोणतीही उंची दिलेली नाही. टेबल, पेला, थाळी आणि त्या सकाळचा उजेड जसा होता तसा आहे.

घरगुती छंदाचे स्वाभाविक नाते शोरच्या मार्गाशी आहे. प्रत्यक्षात मात्र छंद करणारे बहुसंख्य लोक वेस्टनच्या मार्गाने, आणि तेही जाहिरातीच्या आडवाटेने जातात. जाहिरातीचे छायाचित्रण पदार्थ खाण्यासाठी मांडतच नाही. ताजेपणा दाखवण्यासाठी ग्लिसरिनचे थेंब लावणे, वितळणाऱ्या आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवणे या तेथील परिचित युक्त्या आहेत. सुपातील भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्याबद्दल एका मोठ्या सूप कंपनीला १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगापुढे जावे लागले होते. घरी कोणी सुपात गोट्या घालत नाही, पण विकण्याच्या हेतूने घडलेली दृष्टी मात्र उसनी घेतली जाते. लाकडी फळी, कोपऱ्यात सुरकुतलेला फडका, विखुरलेले मसाले, पार्श्वभूमी धूसर, असा हा साचा आहे. ज्या घरात वर्षानुवर्षे स्टीलच्या ताटात जेवले जाते, त्या घरातील पोहे छायाचित्रापुरते चिनी मातीच्या काळ्या बशीत जातात. असे छायाचित्र सुंदर असू शकते. ते कोणत्या घरातले आहे हे मात्र त्यावरून कळत नाही, आणि घरगुती छायाचित्राकडून अपेक्षा तीच असते.

गोळ्या-चॉकलेटांच्या बाबतीत हा आक्षेप थोडा सौम्य करावा लागतो. कारखान्यातील गोळी मुळातच सर्व घरांत सारखी असते, आणि पारदर्शक साखरेतून आरपार जाणारा प्रकाश हा छायाचित्रकाराचा खरा आनंद आहे. शिवाय वेष्टन हा एक दस्तऐवज असतो. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ उभारलेल्या साखर उद्योगातून पुढे आलेली रावळगावची गोळी मराठी मुलांच्या काही पिढ्यांनी चघळली. २०२४ मध्ये ती नाममुद्रा रिलायन्स समूहाकडे गेली. अशा वेळी घरच्या टेबलावर सहज टिपलेले जुने वेष्टन अभ्यासकाच्या उपयोगी पडते. छंद करणाऱ्याला तो हेतू नसला तरी त्यामुळे काही बिघडत नाही.

केळव्याचे ताट

या छंदाची खरी कसोटी मात्र दिसायला देखण्या नसलेल्या अन्नापाशी लागते. केळवे हे सुरूच्या बनासाठी, शितलादेवीच्या मंदिरासाठी व पानवेलींच्या वाड्यांसाठी परिचित गाव आहे. शनिवार-रविवारी मुंबईकडून येणारा पाहुणा तेथे समुद्र व तळलेल्या मासळीची थाळी टिपतो. तांबूस रंगाची तळलेली तुकडी, कांद्याची चकती, लिंबाची फोड ही मांडणी कॅमेऱ्याला मानवते. याच किनाऱ्यावरील घरांत वर्षभर जे खाल्ले जाते, त्यातील बराच भाग करडा, तपकिरी किंवा काळपट आहे. सुक्या बोंबलाचे कालवण, सुकटीची चटणी, वाडवळ समाजातील हिवाळ्यातील उकडहंडी ही त्याची उदाहरणे होत. कोनफळ कापल्यावर गडद जांभळे दिसते, पण शिजल्यावर त्याचा रंग मळकट होतो. मोबाईलमधील स्वयंचलित प्रक्रिया हा मळकटपणा दोष समजून रंग चढवते आणि उकडहंडी नकळत दुसराच पदार्थ बनते.

स्थानिक प्रकाशाचाही येथे विचार करावा लागतो. नारळी-पोफळीच्या दाट वाडीत वसलेल्या घरात दुपारीसुद्धा उजेड झाडांतून गाळून, हिरवट होऊन येतो. पांढरा भात त्या प्रकाशात किंचित हिरवा दिसतो. कॅमेऱ्याचे रंगसंतुलन तो हिरवटपणा काढून टाकते आणि त्यासोबत वाडीही निघून जाते. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष ठरणारे छायाचित्र येथे माहितीच्या दृष्टीने गरीब असते. उलट, वसई भागात राजेळी केळी वाळवून केली जाणारी सुकेळी उजेडासमोर धरली असता मधासारखी पारदर्शक दिसतात. साखर न घालता केलेली ही किनाऱ्याची आपली मिठाई कोणत्याही रंगीत गोळीइतकीच छायाचित्रानुकूल आहे.

सुक्या मासळीच्या अनुपस्थितीमागे केवळ रंगाचे कारण नाही. तिच्या वासाला सार्वजनिक जीवनात, भाड्याच्या घरांत व कार्यालयातील डब्यांत जी नाके मुरडली जातात, त्यांचा संकोच छायाचित्रातही उतरतो. घरातील मोदक टिपला जातो, त्याच घरातील सुकट झाकली जाते. जवळच्या सातपाटीला बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या ओळी पर्यटक हौसेने टिपतात. तेच बोंबील ताटात आले की त्यांना दृश्यमूल्य उरत नाही. ज्या समाजांनी हे अन्न पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्या रोजच्या जेवणाची दृश्य नोंद त्यामुळे तोकडी राहते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याच्या मापाने घरगुती पाककृती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवल्या. प्रमाण शब्दांत सांगता येते. शिजलेल्या कोनफळाचा नेमका मळकट जांभळा रंग सांगता येत नाही. ते काम छायाचित्राचे आहे, आणि किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या मोबाईलला ते सहज झेपणारे आहे. फक्त रंग चढवणारी सोय बंद करावी लागेल आणि ताट बदलण्याचा मोह आवरावा लागेल.

जुन्या छायाचित्राच्या पाठीवर शाईने नाव, सण व साल लिहिण्याची पद्धत होती. मोबाईल तारीख व वेळ सेकंदासकट आपोआप नोंदवतो. उकडहंडी कोणाच्या हातची होती, हे मात्र त्याला कळत नाही. ते त्याच दिवशी विचारून लिहून ठेवावे लागते.