या, रू आणि माथ्यावरचे टिंब

या ६ रू ३००
या १० रू १००

एवढ्याच दोन ओळी. दुसऱ्या ओळीतल्या शंभराच्या माथ्यावर एक टिंब आहे, असे मात्र आपण मनाशी धरून चालायचे. हस्तलिखितांत ते तिथे असते आणि त्याच्याकडे आपल्याला लवकरच वळायचे आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितातले हे एक उदाहरण. सिद्धान्तशिरोमणी सन ११५० मध्ये पुरा झाला आणि बीजगणित हा त्याचाच एक भाग, म्हणजे या ओळींची घडण पावणेनऊशे वर्षांपूर्वीची. गणिताला स्वतःची भाषा असते, तिची अक्षरे निराळी आणि व्याकरणही निराळे, असे आपण नेहमी म्हणतो. पण त्या भाषेचे एखादे वाक्य कवितेच्या ओळीसारखे पुढ्यात घेऊन सावकाश वाचण्याचा योग क्वचितच येतो. आज हेच वाक्य घेऊ.

त्यामागची कथा साधी आहे. एकाजवळ सहा घोडे आहेत आणि रोख तीनशे. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याला शंभराचे देणे आहे. दोघांची संपत्ती सारखी; तर एका घोड्याची किंमत किती? आता वरच्या ओळींकडे पुन्हा पाहा. त्यांत घोडे नाहीत, मालक नाहीत, बाजारातली घासाघीस नाही. 'या' हे यावत्तावत् या शब्दाचे पहिले अक्षर. जे जितके असेल तितके, अशी त्या अज्ञात किमतीची खूण. 'रू' म्हणजे रूप, ज्याचे मान ठाऊक आहे अशी संख्या. कथेतला सगळा गलबला दोन अक्षरांत निवला आहे, तरीही त्या अक्षरांना बोलीची ऊब आहे. आपल्या शाळेतला क्ष कुठल्याच शब्दाचा वारस वाटत नाही, तो जन्मतःच अबोल. 'या' मात्र एका बोलक्या शब्दाचा पहिला उच्चार आहे. पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी अक्षर येताच उरलेला शब्द त्याच्या मनात आपोआप पुरा होत असेल. चिन्ह होण्याच्या वाटेवर असलेला आणि अजून बोलणे न सोडलेला शब्द पाहायला मिळणे हे फार मोठे सुख आहे.

आता ते टिंब. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे, एवढाच संकेत. कर्ज डोक्यावर असते असे आपण मराठीत रोज म्हणतो, आणि इथे ते अक्षरशः शंभराच्या डोक्यावर बसलेले आहे. हा केवळ योगायोग, पण एकदा डोळ्यांना दिसला की पुसता येत नाही. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रांवरच्या जुन्या गणिती हस्तलिखितात ऋण दाखवायला संख्येच्या पुढे एक फुली असते, आपल्या आजच्या अधिकच्या चिन्हासारखी हुबेहूब. तेच रूप एका काळी उणे आणि दुसऱ्या काळी अधिक! चिन्हाला अर्थ संकेताने येतो हे आपण जाणतो, पण इतका लखलखीत पुरावा समोर आला की त्या जाणण्यालाही नवी धार येते. मूळच्या विदर्भातल्या एका घराण्यातले कृष्ण दैवज्ञ यांनी १६०० च्या सुमारास बीजगणितावर टीका लिहिली. तीत त्यांनी ऋणत्व तीन प्रकारांनी उलगडले आहे: देशाने, म्हणजे उलट्या दिशेला जाणे, काळाने, म्हणजे पुढच्याऐवजी मागचे, आणि वस्तूने, म्हणजे धनाऐवजी देणे. एका टिंबात दिशा, काळ आणि व्यवहार असे तिन्ही विपर्यय सामावतात. टीकाकार असा असावा की मूळ अक्षराला हात न लावता त्याच्या आतला अवकाश वाढवत न्यावा.

यानंतर आपली नजर साहजिकच एक गोष्ट शोधू लागते आणि ती सापडत नाही. बरोबरीचे चिन्ह कुठे आहे? अधिकचेही नाही, 'या ६'च्या शेजारी 'रू ३००' ठेवले की बेरीज झाली. आणि एका ओळीखाली दुसरी ओळ मांडली की समता झाली. बरोबरी इथे लिहिलेली नसून मांडलेली आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ मध्ये आपल्या इंग्रजी बीजगणिताच्या पुस्तकात बरोबरीसाठी दोन समांतर रेघा योजल्या आणि कारण दिले की याहून अधिक समान अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत. ते कारण वाचून मन प्रसन्न होते खरे, पण आपल्या या दोन ओळींकडे पाहताना वाटते की इथे समीकरणाच्या दोन बाजूच त्या समांतर रेघा झाल्या आहेत. वेगळी खूण हवी कशाला?

या मांडणीतली शिस्त भास्कराचार्यांच्याही आधीची. ब्रह्मगुप्तांचे भाष्यकार पृथूदकस्वामी नवव्या शतकात एक समीकरण असे मांडतात: वरच्या ओळीत याव ०, या १०, रू ८, खालच्या ओळीत याव १, या ०, रू १, आणि वरच्या आठावर टिंब. 'याव' म्हणजे अज्ञाताचा वर्ग. वरच्या ओळीत वर्ग नाहीच, तरी त्याची जागा शून्य घालून राखली आहे; खालच्या ओळीत नुसता 'या' नाही, तर त्याचीही. पंगतीत न आलेल्या पाहुण्याचाही पाट मांडून ठेवावा, तसा हा आदर. त्यामुळे वर्गाखाली वर्ग, अज्ञाताखाली अज्ञात, रूपाखाली रूप येते आणि कोणते कशातून वजा करायचे हे डोळाच सांगतो. व्याकरण नियमांच्या यादीत न राहता कागदावरच्या जागेत उतरले आहे.

त्याच व्याकरणाने आपले घोड्यांचे वाक्य सोडवू. याला समशोधन म्हणतात. दहा 'या'मधून सहा 'या' काढले, उरले चार. रूपे उलट बाजूने काढायची: तीनशेतून ऋण शंभर वजा, म्हणजे चारशे. चारशेला चाराने भागले, घोड्याची किंमत शंभर. आता उत्तर हाती घेऊन कथेत परत जाऊ या, कारण खरी गोडी तिथे आहे. दुसऱ्याने एक घोडा विकला तर त्याचे देणे फिटते आणि नऊ घोडे उरतात. पहिल्याचे तीनशे म्हणजे तीन घोडेच, तेव्हा त्याचेही नऊ. उदाहरण रचणाऱ्याने देण्याचा आकडा नेमका एका घोड्याइतका ठेवला आहे. ग्रंथात हे कुठे बोलून दाखवलेले नाही, म्हणून ते आपले आपल्याला सापडते तेव्हा अधिक आनंद होतो.

अज्ञाते एकाहून अधिक झाली की ही भाषा रंग घेते. पहिला यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक; लिहिताना का, नी, पी, लो. पूर्वाचार्यांनी हे वर्ण कल्पिले असे भास्कराचार्य सांगतात. नियम असा की एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते, भिन्न जातींच्या राशी वेगळ्याच राहतात. नीलकात पीतक मिसळून हिरवे काही होत नाही. पण गुणाकार केला की 'या' आणि 'का' मिळून 'याकाभा' असा नवा शब्द घडतो, त्यातला 'भा' भाविताचा, म्हणजे अज्ञातांच्या गुणाकाराचा. बेरीज जिथे थांबते तिथे गुणाकार संधी करतो. ही भाषा शिकवण्याची एक जागाही आपल्याला ठाऊक आहे: चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याचे त्यात कोरले आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठी. ही का-नी-पी-लोची अक्षरे शिकायला आलेले विद्यार्थी मठाबाहेर पडताच मराठी कानावर घेत असतील, ही कल्पना मला फार प्रिय आहे.

या भाषेचे सर्वांत अद्भुत रूप मात्र बीजगणितातल्या वानरांच्या उदाहरणांत दिसते. एका कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि बारा वानर डोंगरावर आहेत, कळप केवढा? उत्तरे दोन निघतात, ४८ आणि १६, आणि आपण दोन्ही पडताळून पाहिली तर दोन्ही खरी ठरतात. दुसऱ्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून वर्ग करावा, तेवढे वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसतो. इथेही चिन्हे आपल्या वाटेने चालत जाऊन दोन उत्तरे आणून देतात: ५० आणि ५. पन्नासाचा पंचमांश दहा, उणे तीन सात, वर्ग एकोणपन्नास, फांदीवरचा एक. कळप पुरा झाला. पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, वर्ग चार, फांदीवरचा एक. हाही कळप पुरा झाला, एकही नियम मोडला नाही. पण कळपाच्या पंचमांशातून तीन काढताना मध्येच उणे दोन वानर उभे राहतात, आणि ते कोणत्या झाडावर दाखवायचे? भास्कराचार्यांनी हे दुसरे उत्तर लपवले नाही. ते नोंदवून त्यांनी म्हटले की ते घेऊ नये, कारण व्यक्त, म्हणजे प्रत्यक्ष ठाऊक असलेली, राशी ऋण झालेली लोकांना पटत नाही.