परतीचं तिकीट कुणाकडे?

परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाच्या गोष्टीत तो माणूस बदलतो, हे ठरलेलंच असतं. जॉन जेफकोटचा ‘आउटसोर्स्ड’ (२००६) तेच करतो, पण त्याचा नायक भारतात मनाविरुद्ध येतो. सिअ‍ॅटलमधलं टॉडचं अख्खं खातं कंपनी बंद करते आणि ते काम घेणाऱ्या भारतीयांना शिकवायला त्यालाच घारापुरीला धाडते. (आपली घारापुरी लाँचने जायची, ही मात्र ट्रेनने!)

मग नेहमीचं सगळं येतं. पोट बिघडतं, ‘टॉड’चा ‘टोड’ म्हणजे बेडूक होतो, होळीत भिजल्यावर साहेब सैलावतो. तरी सिनेमा एकतर्फी नाही. अमेरिकेत गुरांना तापल्या लोखंडाने डागतात हे ऐकून कॉल सेंटरमधली मंडळी हादरतात, तेव्हा विचित्र देश नक्की कुठला, असा प्रश्न आपल्यालाही पडतो.

खरा मुद्दा शेवटी येतो. एकेक कॉल ६ मिनिटांत उरकायला सगळे शिकतात आणि कंपनी काम चीनला हलवते. टॉडवर जे ओढवलं, तेच आता त्याने शिकवलेल्यांवर. इथे थांबायला हवं होतं. पण सिनेमाला टॉडच्या प्रेमाची आणि घरी परतण्याची घाई आहे. बाकीच्या ऑपरेटरांच्या वाट्याला फार वेळ येत नाही.

टॉड भारतातून काहीतरी मिळवून गेला, हे पटतं. मात्र त्याच्याकडे परतीचं तिकीट होतं. नोकरी गेलेल्या घारापुरीकरांनी जायचं कुठे? २००६ मधला हा प्रश्न आजच्या लेऑफच्या ईमेलइतकाच ताजा वाटतो. म्हणूनच सिनेमा बघा, आणि तो सुटलेला भाग मनात भरून काढा.