दौलतराव नाईकांची डायरी नाही

खालापूरहून मुंबईकडे निघालं की चौक मागे पडतं आणि पुढे पळस्पे फाटा येतो. आमच्यासाठी ती फक्त गाडी बदलायची जागा. मे 1879 मध्ये दौलतराव नाईकांच्या रामोशी तुकडीने याच पळस्प्यात आणि चिखलीत दरोडे घातले. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलने त्यांना गाठलं आणि चकमकीत दौलतराव मारले गेले. (पहिल्या खर्ड्यात मी ‘मारला गेला’ असं लिहिलं होतं. वासुदेव बळवंत फडक्यांबद्दल तसं लिहिलं नसतं.) फडक्यांचं बंड या धक्क्यातून सावरलं नाही. जुलैत डॅनियलने त्यांनाही पकडलं.

फडक्यांचं आत्मचरित्र आणि डायरी मी इंग्रजीत वाचली. मूळ मजकूर मराठी, पण खटल्यात तो पुरावा ठरला, आणि 1957 मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. भाषांतरातूनही माणूस भिडतो. पुण्यात लष्करी हिशेब खात्यातला कारकून, 1876-77 च्या दुष्काळाने पेटलेला. पुतळ्यातले फडके कधी थकत नाहीत. इथले थकतात, चिडतात, मरणाचा विचार करतात. आपलं अपयश इतकं उघडं मांडणारं बंडखोराचं लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही.

पण हा प्रामाणिकपणा सोबत्यांच्या वाट्याला येत नाही. रामोशी लुटीतला माल लपवतात, वाट्यावरून भांडतात, ही तक्रार परत परत येते. शिकलेले पुणेकर सोबत येईनात, म्हणून फडके रामोश्यांकडे गेले होते. त्यांच्यासाठी लूट म्हणजे पुढच्या सैन्याचं भांडवल. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या घरांसाठी ती ज्वारी होती. (स्टार्टअपमध्ये काम केलेल्यांना हा सीन ओळखीचा वाटेल. फाउंडरला मिशन दिसतं, बाकीच्यांना महिनाअखेर.) शिवाय रामोश्यांचं इंग्रजांशी वैर फडक्यांहून जुनं. किल्ल्यांची राखण गेली, हक्क गेले, उमाजी नाईक 1832 मध्ये फासावर गेले. यातलं काही लेखकाला अडवत नाही. तो हिशेब मांडत राहतो, कारकुनासारखा.

आणि तरी मला वाटतं, याच पानांसाठी हे पुस्तक वाचावं. रामोश्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. त्यांना काय हवं होतं, ते कुठे अडून बसले, कशावर त्यांचा विश्वास नव्हता, हे फडक्यांच्या वैतागातूनच कळतं. वाटा मागणारा माणूस निदान बोलताना तरी दिसतो. आमच्या शाळेतल्या धड्यात तो ‘साथीदार’ या एका शब्दात संपला होता.

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की जवळच शिरढोण, फडक्यांचं जन्मगाव. तिथे त्यांचं स्मारक आहे. म्हणजे दौलतरावांची शेवटची मोहीम फडक्यांच्याच अंगणात झाली. फाट्यावर मी इतक्यांदा उभा राहिलोय, त्यांच्या नावाची पाटी मला दिसलेली नाही.