मॅडिसनचा दहावा लेख आणि तटांचा बंदोबस्त

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेस न्यू यॉर्क राज्याने मान्यता द्यावी, यासाठी हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने वृत्तपत्रांतून लेख लिहिले. ‘फेडरॅलिस्ट’ या संग्रहातील या पंच्याऐंशी लेखांपैकी २२ नोव्हेंबर १७८७ चा दहावा लेख मॅडिसनचा. राजकीय तटांना आवर कसा घालावा, हा त्याचा विषय.

आपल्याकडे तट म्हटले की मूठभर कारस्थानी माणसे डोळ्यांपुढे येतात. मॅडिसनला भय वाटते ते बहुसंख्याकांच्या तटाचे. मूठभरांचा पराभव मतदानाने होतो. पण बहुमतच दुसऱ्यांच्या हक्कांवर उठले तर दाद कोठे मागावी? ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने ऋणकोंच्या सोयीसाठी काढलेला कागदी पैसा त्याच्यासमोर होता, आणि मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांचे बंडही ताजे होते. स्वातंत्र्य आहे तोवर तट राहणारच, हे तो प्रांजळपणे मान्य करतो. त्याचा उपाय एवढाच की प्रजासत्ताक विस्तीर्ण असावे. हितसंबंध इतके नानाविध होतील की त्यांतील कोणा एकाचे बहुमत सहजी जुळणार नाही.

हाच न्याय तो धर्मपंथांनाही लावतो. देवस्थानांतील मानपानाचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्या आमच्या वाचकांना हा भाग विशेष जवळचा वाटेल. व्हर्जिनियात बॅप्टिस्ट प्रवचनकारांना तुरुंगात टाकले जात असे, हे त्याला तरुणपणापासून ठाऊक होते. जेफर्सनने रचलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये त्यानेच तेथे मंजूर करून घेतला. पंथ अनेक असले म्हणजे एकाची सत्ता दुसऱ्यावर चालत नाही, हे त्याचे म्हणणे आम्हांस पुस्तकी वाटत नाही.

परंतु एक गोष्ट आम्हांस खटकते. जमीनदार, व्यापारी, कारखानदार, धनको आणि ऋणको असे हितसंबंध तो मोजतो. गुलामगिरीचा शब्दही काढत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, घटनासमितीच्या बंद दाराआड, केवळ वर्णभेदावर आधारलेल्या जुलमाचे उदाहरण बहुमताच्या अन्यायासाठी त्यानेच दिले होते. जाहीर लेखात ते गळले. मॅडिसन स्वतः गुलामांचा धनी होता, हे लक्षात घेता हा विसर निष्पाप मानणे कठीण आहे.

विस्ताराच्या उपायाचे पुढे काय झाले? समविचारी माणसे दूरदूर विखुरलेली राहतील, यावर त्याची सारी भिस्त होती. हॅमिल्टनच्या अर्थनीतीला विरोध करण्यासाठी ऑक्टोबर १७९१ मध्ये ‘नॅशनल गॅझेट’ निघाले. संपादक फिलिप फ्रेनो हा मॅडिसनचा महाविद्यालयातील सहाध्यायी. त्याला फिलाडेल्फियात आणण्यात मॅडिसन आणि जेफर्सन या दोघांचा हात होता. त्याच पत्रात डिसेंबरमध्ये मॅडिसनने लिहिले की वृत्तपत्रांच्या प्रसाराने देशाचा विस्तार जणू आक्रसतो. हे तो गुण म्हणून सांगत होता! चार वर्षांपूर्वी ज्या अंतरावर त्याने भरवसा ठेवला, तेच अंतर तो आता आपल्या पक्षासाठी तोडीत होता.

१८०० च्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर या एकाच पक्षाच्या दोघांना ७३-७३ मते पडली, कारण प्रत्येक निर्वाचक दोन मते देई आणि त्यांत अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, हा भेद नव्हता. प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान झाल्यावर जेफर्सन निवडला गेला. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली. राजकीय पक्षांचा उल्लेख मात्र त्या दुरुस्तीतही नाही.