म्हैसूरच्या उदबत्तीचं लाल टोक

म्हैसूरच्या देवराज मार्केटातली मसाला उदबत्ती पेटवा, ज्योत विझवा आणि वास क्षणभर बाजूला ठेवून नुसतं टोक बघा. कोळसा मंद लाल दिसतोय, म्हणजे तिथं ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आहे. त्याच्या दोनच सेंटिमीटर खाली काडी चिमटीत धरता येते. म्हैसूर अगरबत्तीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कौतुक होतं ते तिच्या सुगंधाचं. मला मात्र तिच्यात सर्वांत देखणी वाटते ती उष्णतेची ही तीव्र उतरण.

ही किमया कोळशाची. बांबूच्या काडीवर वळलेल्या काळ्या मसाल्यात लाकडी कोळशाची पूड, जिगट नावाचं झाडाच्या सालीचं चिकट चूर्ण आणि सुगंधी द्रव्यं असतात. हवा कोंडून लाकूड भाजलं की पाणी, वायू, डांबर निघून जातं, वजन पंचवीस-तीस टक्क्यांवर येतं, पण घडण मोडत नाही. झाड ज्या नळ्यांतून मुळांचं पाणी शेंड्याला पोचवत होतं, त्या थोड्या आक्रसून तशाच उरतात. नुकत्याच मोडलेल्या कोळशावर भिंग धरा, भोकांच्या ओळी दिसतील. पूड करताना मोठ्या नळ्या फुटतात, तरी कणांच्या आत बारीक पोकळ्या टिकतात आणि कणांच्या मधे नव्या फटी पडतात. उष्णतेला पुढे सरकायला मिळतात ते कण जेमतेम टेकतात तेवढेच बिंदू. बाकी अडकलेली हवा, आणि ती उष्णता फारशी पुढे देत नाही.

पण सगळं श्रेय पोकळ्यांना देणं अन्यायाचं होईल. ग्रॅफाइटही कार्बनच, आणि त्याच्या थरांच्या दिशेनं उष्णता तांब्याहूनही वेगानं धावू शकते. सच्छिद्र लाकडी कोळसा मात्र तांब्याच्या हजारो पट मागे. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ साली क्ष-किरणांच्या अभ्यासातून कार्बनचे दोन वर्ग दाखवले: तापवल्यावर ग्रॅफाइट होणारे आणि ३००० अंशांपर्यंत नेले तरी न होणारे. लाकडी कोळसा या दुसऱ्या, हट्टी वर्गातला. त्याचे इवलेसे थर वेडेवाकडे गुंतलेले असतात. उष्णता म्हणजे अणूंची थरथर, आणि ती अशा गुंत्यात चार पावलं जाते न जाते तोच विखुरते. झाडाची पोकळ घडण आणि कार्बनचा हा गुंता, दोन्ही मिळून उष्णतेला रोखतात.

खरी कमाल पुढे आहे. उष्णता अजिबातच सरकली नाही, तर खालचा थर पेटणार नाही; फार वेगानं पसरली, तर टोक निवून विझेल. उदबत्ती या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात जळते. ज्या छिद्रांनी उष्णता अडते, त्यांतूनच प्राणवायू निखाऱ्यापर्यंत झिरपतो. वर साचलेली राख निखाऱ्यावर पांघरूण घालते आणि त्याची ऊब जपते. हलकेच फुंकर मारा, राख गळून लाली झळकेल आणि टोक भरभर खाली सरकेल. फुंकर थांबली की ते पुन्हा आपल्या संथ चालीवर येतं.